मलिक अंबर : कला प्रकल्पासाठी आपल्याच गावातलं एक चरित्र



कलेचा प्रकल्प दिला की दोन दिवसांत पालकांचे फोन सुरू होतात. मॅडम, काहीतरी वेगळं सुचवा, मोबाईलवर सगळं तेच तेच येतंय. मागच्या वर्षीपर्यंत मीही मोबाईलवरचेच नमुने पुढे पाठवायचे. मग काय, अर्ध्या वर्गाने आइस्क्रीमच्या काड्यांची घरं आणली आणि अर्ध्या वर्गाने कागदी फुलं. त्यातली बरीचशी आई-बाबांनीच केलेली!

यंदा मी ठरवलं की कल्पना गावातूनच शोधायची. आपण खुलताबादला राहतो. इथे मलिक अंबर यांची कबर आहे. मुलं रोज त्या बाजूने जातात, पण तिथे कोण आहे हे विचारलं तर दोन-तीनच हात वर आले. म्हणून आधी त्यांचं चरित्र सांगितलं आणि मग प्रकल्प दिला. ते चरित्र आज तुमच्यासाठी देत आहे.

बालपण

मलिक अंबर यांचा जन्म साधारण 1548 च्या सुमारास आफ्रिकेतील इथिओपियात झाला. त्या देशाला आपल्याकडे हबसाण म्हणत, म्हणून तिथल्या लोकांना हबशी असं नाव पडलं. या मुलाचं नाव होतं चापू. लहान वयातच तो गुलाम म्हणून विकला गेला. विचार करा, आपल्या चौथी-पाचवीच्या वर्गातल्या मुलाएवढं पोर, आणि बाजारात त्याची किंमत ठरते!

समुद्र ओलांडून तो येमेनच्या मोखा बंदरात आला. पुढे बगदादला पोहोचला. तिथल्या मालकाने त्याची हुशारी ओळखली, त्याला लिहायला-वाचायला आणि हिशेब ठेवायला शिकवलं. त्याने इस्लाम स्वीकारला आणि मालकाने त्याला नवं नाव दिलं, अंबर.

हे सांगताना वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं की, मग त्याच्या आईने ठेवलेलं नाव पुन्हा कुणी घेतलं का? ही मुलगी ऊसतोड कुटुंबातली आहे. दोन शाळा बदलून आमच्याकडे आली आहे. मला पटकन काही उत्तर देता आलं नाही. तिचा प्रश्न मात्र मी फळ्यावर लिहून ठेवला.

दख्खनमध्ये आगमन

सन 1570 नंतर अंबर दख्खनमध्ये आले. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्यांना विकत घेतलं. विशेष म्हणजे चंगेजखान स्वतःही हबशी होता आणि एकेकाळी गुलामच होता. त्याच्या हाताखाली अंबर राज्यकारभार आणि लष्कराचं काम शिकले. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने अंबर यांना गुलामीतून मुक्त केलं.

मोकळे झाले, पण पुढे काय? ना गाव, ना जमीन, ना नातेवाईक. त्यांनी शिपाई म्हणून चाकरी केली. काही वर्षं विजापूरच्या आदिलशाहीत काढली, तिथे त्यांना मलिक हा किताब मिळाला. मग ते पुन्हा अहमदनगरकडे परतले.

निजामशाहीचा आधार

सन 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांनी जिंकला. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. पण मलिक अंबर यांनी परांड्याला राजघराण्यातील दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवलं आणि कारभार स्वतः हाती घेतला. मुघलांची फौज मोठी, तोफखाना मोठा. समोरासमोर लढून टिकाव लागणार नाही हे त्यांना कळत होतं. म्हणून डोंगर-दऱ्यांचा फायदा घ्यायचा, अचानक छापा घालायचा, रसद तोडायची, अशी लढाई त्यांनी केली. यालाच आपण गनिमी कावा म्हणतो. त्यांच्या फौजेत मराठा सरदार मोठ्या संख्येने होते. आपल्या शेजारच्या वेरूळचे भोसले घराणे निजामशाहीच्याच चाकरीत होते.

सन 1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडीची लढाई झाली. एका बाजूला मुघल आणि आदिलशाही फौजा, दुसऱ्या बाजूला मलिक अंबर. त्यांनी तलावाचं पाणी सोडून दिलं. सगळीकडे चिखल झाला, शत्रूच्या मोठ्या फौजेला हलता येईना आणि अंबर यांचा विजय झाला. शहाजीराजे या लढाईत अंबर यांच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी यांना इथेच वीरमरण आलं.

शेतीकडेही त्यांचं लक्ष होतं. जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरवण्याची पद्धत त्यांनी बसवली.

खडकी आणि नहर

सन 1610 मध्ये त्यांनी खडकी या छोट्या गावाच्या जागी शहर वसवायला घेतलं. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथला भडकल दरवाजा त्यांनी 1612 मध्ये बांधला. सन 1616 मध्ये मुघलांनी खडकीवर हल्ला करून शहराची नासधूस केली. तरी त्यांनी शहर सोडलं नाही, पुन्हा उभं केलं.

पण शहर म्हटलं की पाणी आलं. आपल्या भागात उन्हाळ्यात पाण्याचे काय हाल होतात ते तुम्हाला सांगायला नको. मलिक अंबर यांनी उत्तरेकडच्या डोंगरात झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा केलं आणि फक्त उताराच्या जोरावर शहरात आणलं. मोट नाही, पंपाचा तर प्रश्नच नाही. मध्ये मध्ये विहिरीसारखी तोंडं ठेवली, म्हणजे आत उतरून गाळ काढता यावा. हीच नहर-ए-अंबरी. जमिनीखालून पाणी नेण्याची ही युक्ती इराण आणि अरब देशांत फार जुनी आहे, आणि अंबर यांची घडण त्याच बाजूला झाली होती. आता तुम्हीच जोडून बघा!

(एक सूचना : मुलांना पाणचक्की दाखवताना ती मलिक अंबर यांनी बांधली असं सांगू नका. पाणचक्की त्यांच्यानंतर शंभरपेक्षा जास्त वर्षांनी, 1744 च्या सुमारास पूर्ण झाली.)

बादशहाचं चित्र

मुघल बादशहा जहांगीर यांना मलिक अंबर शेवटपर्यंत हाती लागले नाहीत. मग त्यांच्या दरबारातील चित्रकार अबुल हसन याने 1616 च्या सुमारास एक चित्र काढलं. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभे आहेत आणि भाल्यावर टोचलेल्या मलिक अंबर यांच्या मस्तकावर बाण मारत आहेत. हे चित्र आज आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. पण असं कधी घडलंच नाही! मलिक अंबर 1626 मध्ये वयाच्या ऐंशीच्या आसपास वारले आणि खुलताबादला स्वतःच बांधून ठेवलेल्या कबरीत त्यांना पुरण्यात आलं. त्यांच्या पत्नीची कबरही जवळच आहे. मुघलांच्याच इतिहासकाराने नंतर त्यांच्या कर्तृत्वाची तारीफ लिहून ठेवली.

चित्र सुंदर असू शकतं आणि तरी खोटं असू शकतं, ही गोष्ट मोबाईलच्या या काळात मुलांना आत्ताच कळायला हवी.

वर्गात काय करता येईल?

1. प्रवासाचा दोरा : जुन्या पुठ्ठ्यावर नकाशा काढून इथिओपिया, मोखा, बगदाद, दख्खन असा दोरा ओवायचा. प्रत्येक टप्प्याला वेगळं कापड, माती किंवा धान्य चिकटवायचं.

2. उताराची नहर : प्लास्टिकच्या बाटल्या कापून त्यांची पन्हळ करायची आणि पाणी न ढकलता दुसऱ्या टोकाला पोहोचवायचं. उतार चुकला की पाणी थांबतं. आमच्या मुलांचं तीन वेळा थांबलं, तेव्हा कुठे जमलं.

3. कमान आणि घुमट : कबरीजवळ शांत बसून फक्त आकार टिपायचे आणि त्यातून नक्षी तयार करायची. जुन्या भिंतीवर कागद ठेवून पेन्सिल घासू नये, गिलावा निघतो.

4. उत्तराचं चित्र : जहांगीर यांच्या चित्राला मलिक अंबर यांच्या बाजूने उत्तर द्यायचं. अट एकच, कुणालाही मारायचं नाही.

पालकांना माझी विनंती आहे की, प्रकल्प वाकडा झाला तरी चालेल, पण तो मुलाचाच असू द्या. कल्पना सुचत नसेल तर मुलाला घेऊन गावातून एक चक्कर मारा. मलिक अंबर यांनीही जिथे गेले तिथलं शिकून घेतलं आणि जे समोर होतं त्यातूनच उभं केलं. डोंगर होता त्याची लढाई केली, झिरपणारं पाणी होतं त्याची नहर केली.

आणि हो, त्या मुलीने दोऱ्याचा नकाशा केला. सुरुवातीच्या ठिकाणी तिने अंबर असं नाव लिहिलं नाही, चापू असं लिहिलं. दोरा संपतो तिथे खुलताबादजवळही पुन्हा चापू लिहिलं. फळ्यावरच्या प्रश्नाला तिनेच उत्तर दिलं होतं.

तुमच्या गावात अशी कुणाची कहाणी आहे? वर्गात नक्की सांगा.