सेसिल किंबर : वेग आणि शेजार

आमच्या येलदरीला मोठे आवाज दोनच. एक, पावसाळ्यात धरणाची दारे उघडली म्हणजे पूर्णामाईचा होतो तो; आणि दुसरा, हल्ली संध्याकाळनंतर रस्त्यावर ऐकू येतो तो, सायलेन्सर बदललेल्या मोटारसायकलींचा. पहिल्या आवाजाविषयी कोणी तक्रार करीत नाही. १९६८ साली हे धरण पूर्ण झाले तेव्हापासून तो आवाज म्हणजे पाणी, वीज आणि रब्बीची शाश्वती असे समीकरण गावाच्या मनात पक्के बसले आहे. दुसऱ्या आवाजात मात्र गेल्या वर्षापर्यंत माझाही वाटा होता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. गाडीचा आवाज मोठा म्हणजे गाडी जोरदार, अशी माझी समजूत होती. शेजारच्या आजारी आजींनी एके दिवशी मला बोलावून घेतले. त्या रागावल्या नाहीत. रात्री तुझी गाडी गेली की पुन्हा डोळा लागत नाही, एवढेच त्यांनी सांगितले. मला उत्तर सुचले नाही.

त्याच सुमारास मोटारशर्यतींविषयी मिळेल ते वाचताना एका माणसाची ओळख झाली. वेग हेच त्याचे आयुष्य होते; पण त्याच्या छोट्या गाड्यांनी मोठी कीर्ती मिळविली ती आवाजावर कडक बंधने असलेल्या मैदानावर. त्याचे नाव सेसिल किंबर. आपल्या रस्त्यांवर अष्टकोनी चिन्हाच्या एमजी गाड्या आज दिसतात. त्या कंपनीची मालकी आता चीन आणि भारतातील उद्योगांकडे आहे. पण त्या अष्टकोनाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती या लंगड्या इंग्रज माणसाने.

किंबर यांचा जन्म १२ एप्रिल १८८८ रोजी लंडन येथे झाला. वडिलांचा छपाईच्या शाईचा धंदा होता. पुढे कुटुंब उत्तरेकडे गेले आणि सेसिलचे शिक्षण स्टॉकपोर्ट येथे झाले. मुलगा वडिलांच्याच धंद्यात लागला, परंतु त्याचे मन मोटारसायकलीत गुंतले होते. ऐन तारुण्यात त्याच्या मोटारसायकलीला एका मोटारीची धडक बसली आणि उजव्या पायाचा चुराडा झाला. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, पाय कापण्याचीही वेळ आली होती. तो वाचला, पण आखूड झाला. जन्मभर ते लंगडतच चालले.

या अपघाताची जी भरपाई मिळाली, तीतून किंबर यांनी एक छोटी सिंगर मोटार घेतली. इकडे वडिलांचा धंदा डबघाईला आला होता. तो पैसा धंद्यात घालावा अशी त्यांची अपेक्षा. मुलाने नकार दिला. बापलेकांत कायमचे वितुष्ट आले. मुलाचे चुकले की बापाचे, हा निवाडा आपण येथे करू नये. पण नंतर किंबर यांनी ज्या ज्या गोष्टीवर जीव लावला, तिची किंमत त्यांना अशीच कुठेतरी मोजावी लागली, एवढे दिसते.

त्यानंतर निरनिराळ्या मोटार कारखान्यांत उमेदवारी करून १९२१ साली ते ऑक्सफर्ड येथे मॉरिस गॅरेजेसमध्ये विक्री व्यवस्थापक म्हणून रुजू झाले आणि पुढच्याच वर्षी तेथील मुख्य व्यवस्थापक झाले. या गॅरेजचे मालक विल्यम मॉरिस म्हणजे सायकल दुरुस्तीपासून सुरुवात करून इंग्लंडचे मोटारसम्राट झालेले गृहस्थ. मॉरिस हे नाव आपल्याला परके नाही. त्यांच्या कंपनीच्या ऑक्सफर्ड मोटारीवरूनच आपली अँबॅसडर गाडी निघाली. पन्नाशीच्या दशकाअखेरपासून २०१४ पर्यंत बंगालमधील उत्तरपाडा येथे ती तयार होत होती आणि तहसील कचेरीपासून दिल्लीच्या मंत्रालयांपर्यंत सर्वत्र धावत होती.

मॉरिस यांच्या गाड्या मजबूत आणि स्वस्त होत्या, पण दिसायला अगदी साध्या. किंबर यांनी त्याच सांगाड्यांवर देखणे, ठेंगणे, हलके साज चढवायला सुरुवात केली. यंत्रात थोडा फेरफार, स्प्रिंगा जरा ताठ, बैठक खाली, आणि गाडीचा स्वभावच बदलून जाई. मॉरिस गॅरेजेसच्या आद्याक्षरांवरून या गाड्यांना एमजी हे नाव पडले. १९२५ साली स्वतः जुळवून घेतलेल्या एका खास गाडीतून किंबर यांनी लंडन ते लँड्स एंड या खडतर चाचणीत सुवर्णपदक मिळविले.

पण त्यांचे खरे कर्तृत्व दिसले ते १९२८ साली. त्या वर्षी मॉरिस मायनर ही छोटी मोटार निघाली. तिच्या सांगाड्यावर किंबर यांनी लाकडी चौकट उभारून वर कापड ताणलेला, मागे होडीसारखा निमुळता होत गेलेला एक हलका साज बसविला. यंत्र अवघे ८४७ घनसेंटिमीटरचे, ताकद जेमतेम २० अश्वशक्ती. हीच मिजेट, म्हणजे बुटकी. किंमत १७५ पौंड. तोवर शर्यतीची मोटार ही सरदार-जहागीरदारांची मिरास होती. मिजेटने ती शिक्षक, कारकून आणि दुकानदार यांच्या आटोक्यात आणली. तीन हजारांहून अधिक मिजेट विकल्या गेल्या. १९२९ साली कारखाना ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी गेला. सुरक्षितपणे वेगात जा, हे कारखान्याचे ब्रीद होते.

आता शर्यतीच्या मैदानाकडे वळू. लंडनच्या नैर्ऋत्येला वेब्रिजजवळ ब्रुकलँड्स नावाचे मैदान होते. ह्यू लॉक किंग या जमीनदाराने स्वतःच्या जागेत, स्वतःच्या खर्चाने ते बांधले. १९०७ साली सुरू झालेले हे काँक्रीटचे वर्तुळाकार मैदान मोटारशर्यतींसाठीच मुद्दाम बांधलेले जगातले पहिले समजले जाते. वळणांवरचा उतार जवळजवळ तीन मजली इमारतीएवढा उंच. मैदान सुरू होताच एस. एफ. एज नावाच्या धाडसी माणसाने तेथे सलग चोवीस तास गाडी पळविली आणि दीड हजारांहून अधिक मैल अंतर तोडले. रात्री धावपट्टीच्या कडेने कंदील लावले होते. विक्रम झाला खरा, पण आजूबाजूच्या वस्तीला त्या रात्री झोप मिळाली नाही. रहिवाशांनी तक्रारी केल्या, प्रकरण न्यायालयात गेले, आणि ब्रुकलँड्सवर रात्रीची शर्यत कायमची बंद झाली. पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात प्रत्येक गाडीला विशिष्ट पद्धतीचा मोठा सायलेन्सर लावणे सक्तीचे झाले. लांबलचक नळकांडे आणि शेवटी माशाच्या शेपटीसारखे पसरट तोंड, असे त्याचे रूप. आज जुन्या गाड्यांचे शौकीन तोच भाग मोठ्या हौसेने मिरवतात. पण त्याचा जन्म शेजाऱ्यांच्या तक्रारीतून झाला.

फ्रान्समध्ये ल मां येथे सलग चोवीस तासांची शर्यत होत असे. तशी शर्यत आपल्याकडेही व्हावी, असे इंग्रज शर्यतपटूंना वाटे. परंतु ब्रुकलँड्सला रात्री धावण्यास बंदी. तेव्हा १९२९ साली त्यावर तोड निघाली. पहिल्या दिवशी बारा तास, दुसऱ्या दिवशी बारा तास. मधल्या रात्री गाड्या कुलूपबंद, त्यांना कोणी हात लावायचा नाही. या शर्यतीचे नावच डबल ट्वेल्व्ह, म्हणजे दुहेरी बारा, असे पडले. मर्यादेमुळे खेळ मेला नाही. खेळाला नवे रूप मिळाले.

आणि हीच शर्यत किंबर यांना फळली. रात्रभर थंड पडलेली गाडी सकाळी पुन्हा सुरू होऊन बारा तास टिकली पाहिजे, अशी ही परीक्षा. येथे नुसती ताकद पुरत नाही, चिवटपणा लागतो. १९३० साली मिजेट गाड्यांनी सांघिक पारितोषिक पटकावले. १९३१ साली तर कमालच झाली. या वेळी गाड्या त्याहूनही लहान, ७४६ घनसेंटिमीटर यंत्राच्या होत्या. यंत्राच्या आकारमानाप्रमाणे सवलत देण्याचा नियम होता, हे खरे. पण ती सवलत सार्थकी लावायला गाडी चोवीस तास टिकावी तर लागते! अर्ल ऑफ मार्च आणि ख्रिस स्टॅनिलँड यांची मिजेट पहिली आली आणि पहिले पाचही क्रमांक मिजेट गाड्यांनीच घेतले. त्याच वर्षी फेब्रुवारीत जॉर्ज आयस्टन यांनी फ्रान्समधील माँलेरी येथे एमजी गाडी ताशी शंभर मैलांपलीकडे नेली होती. ७५० घनसेंटिमीटरच्या गटात हे प्रथमच घडले. १९३३ साली इटलीच्या मिले मिलिया शर्यतीत एमजीच्या मॅग्नेट गाड्यांनी सांघिक पारितोषिक मिळविले, आणि त्याच वर्षी जगद्विख्यात इटालियन शर्यतपटू ताझिओ नुव्होलारी यांनी मॅग्नेट चालवून अल्स्टरची टूरिस्ट ट्रॉफी जिंकली.

येथवर चढण होती. उतार सुरू झाला तो १९३५ साली. मॉरिस आता लॉर्ड नफील्ड झाले होते. एमजी ही तोवर त्यांची खासगी मालमत्ता. ती त्यांनी आपल्याच मोठ्या मॉरिस मोटर्स कंपनीला विकून टाकली. हिशेबी वृत्तीच्या नव्या वरिष्ठांनी शर्यतीचा विभाग बंद केला. किंबर खुर्चीवर राहिले, पण कारखान्याचे धनी उरले नाहीत. पुढे युद्ध आले. मोटारी बनविणे थांबले. कामगारांच्या हाताला काम हवे म्हणून किंबर यांनी विमानाच्या भागांचे एक काम वरिष्ठांना न विचारता मिळविले. हेच निमित्त झाले, आणि १९४१ च्या नोव्हेंबरात त्यांना राजीनामा द्यावा लागला. ज्या कारखान्याची वीट न् वीट त्यांना ठाऊक होती, त्याच्या दारातून हा माणूस लंगडत बाहेर पडला. गाडीवर त्यांचे नाव कधीच नव्हते. नाव होते ते मालकाच्या गॅरेजचे.

शेवटही चटका लावणारा झाला. ४ फेब्रुवारी १९४५ रोजी संध्याकाळी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून ते कामानिमित्त आगगाडीने निघाले. स्थानकाबाहेरच्या बोगद्यातील चढावर इंजिनाची चाके घसरू लागली आणि गाडी अंधारात मागे येऊ लागली. शेवटचा डबा सिग्नलच्या खांबांवर आदळला. दोन प्रवासी दगावले, त्यांतले एक सेसिल किंबर. वय ५६. आयुष्यभर वेगाशी खेळलेल्या या माणसाचा मृत्यू अगदी मंद गतीने मागे सरकणाऱ्या गाडीत व्हावा, याला दैवगती म्हणावे नाही तर काय!

युद्ध संपताच त्यांच्या मिजेटने समुद्र ओलांडला आणि अमेरिकेतील तरुणांना वेड लावले. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद झाला. ब्रुकलँड्सवर १९३९ नंतर शर्यत झालीच नाही; आज तेथे संग्रहालय आहे. पण त्या काळच्या छोट्या गाड्या इंग्लंडमधील इतर मैदानांवर अजूनही धावतात, आणि वाद तोच आहे. धावण्यापूर्वी एक्झॉस्टपासून अर्ध्या मीटरवर मापक धरून आवाज मोजतात. मर्यादा ओलांडली तर गाडी परत. २००९ साली यॉर्कशायरमधील क्रॉफ्ट मैदानाच्या शेजाऱ्यांनी न्यायालयात दाद मागितली, तेव्हा वर्षातले गोंगाटाचे दिवस चाळीसवर आणले गेले. मैदान बंद पडले नाही, आणि शेजाऱ्यांनाही त्यांचे दिवस परत मिळाले.

आपल्याकडेही कायदा आहे. प्रत्येक मोटारवाहनाला सायलेन्सर हवा, असे १९८९ चे नियम सांगतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल, ही मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातली आहे. पण मला कायद्यापेक्षा १९३१ च्या त्या मिजेट गाड्या अधिक पटल्या. त्या सायलेन्सर लावून धावल्या, रात्री गप्प राहिल्या आणि तरीही पहिल्या आल्या. सायलेन्सर काढल्याने गाडी जोरात जाते ही माझी समजूत होती. जोरात जातो तो फक्त आवाज.

जिंतूरला जाऊन मी कंपनीचा मूळ सायलेन्सर पुन्हा बसवून घेतला. मित्रांनी चार दिवस थट्टा केली. आजींना मी काही सांगितले नाही. पण परवा त्यांनीच विचारले की हल्ली तू रात्री बाहेर जात नाहीस काय? मी रोजच जातो, हे ऐकून त्या हसल्या.