शब्दामागचा पुरावा

बँकेत नव्याने लागलेल्या मुलांना मी गोपाळ कृष्ण गोखल्यांची गोष्ट आवर्जून सांगत असे. फर्ग्युसनचे हे प्राध्यापक. अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिणारे. १८९७ साली विलायतेत असताना पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी प्लेग-बंदोबस्तातील गोऱ्या सोल्जरांवर गंभीर आरोप केले. परतल्यावर पुरावा द्यायला कोणी पुढे येईना. त्यांनी जाहीर माफी मागितली, स्वकीयांची छीथूही सोसली. पाचच वर्षांनी, १९०२ मध्ये, कलकत्त्याच्या कौन्सिलात त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवले, की तिजोरीतली शिल्लक ही भरभराट नसून जादा करांचा बोजा आहे. मधुमेह जडला तरी कामाचा रगाडा थांबला नाही. १९१५ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते गेले. तरुण मित्रांनो, आकड्यांची शिस्त त्यांच्याकडून जरूर घ्या. प्रकृतीची हेळसांड मात्र नको.