प्रवरेच्या काठी पुन्हा विद्यार्थी

नेवासे म्हटले की मराठी मनाला ज्ञानेश्वरी आठवते. १९५४ मध्ये डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया सहकाऱ्यांसह तेथे गेले, ते मात्र प्रवरेच्या काठावरील थर वाचण्यासाठी. आजच्या अहिल्यानगर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील या गावाने त्यांची विद्वत्ता कसाला लावली. कारण येथे जी विद्या लागणार होती, ती त्यांच्या पदवीच्या अभ्यासक्रमात नव्हती.

सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. शाळकरी वयात लोकमान्य टिळकांच्या आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या ग्रंथाचा गुजराती अनुवाद त्यांच्या हाती पडला आणि आयुष्याची दिशा ठरली. प्राचीन भारत जाणायचा तर टिळकांप्रमाणे आपल्यालाही संस्कृत आणि गणित यायला हवे, असे या मुलाने मनाशी ठरविले. गंमत अशी, की त्याच ग्रंथात हिमयुगाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते भूशास्त्राच्या आधारावर उभे आहे. पण कला शाखेच्या विद्यार्थ्याचा खडकांशी संबंध यावा, अशी सोय त्या काळी नव्हती.

त्यांनी संस्कृत घेतले. पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली नालंदा विद्यापीठावर एम.ए.चा प्रबंध लिहिला आणि वकिलीची पदवीही मिळविली. डॉक्टरेटसाठी लंडनला गेले तेव्हा ग्रंथ, शिलालेख आणि मूर्ती यांची त्यांची तयारी उत्तम होती. तेथे कॉड्रिंग्टन यांच्या हाताखाली गुजरातच्या पुरातत्त्वावर संशोधन करीत असतानाच मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननात त्यांनी काम केले. जमिनीचे थर काळजीपूर्वक उलगडायचे असतात, हा धडा त्यांना तेथे मिळाला.

मात्र तो मानवी वस्तीच्या थरांचा धडा होता. १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच गुजरातेत दगडी हत्यारे सापडू लागली आणि प्रश्नाचे रूप पालटले. नदीने आणून टाकलेल्या गोट्यांत हत्यार मिळाले तर त्याचा काळ कोणता? तेथे ना नाणे, ना लेख. नदी केव्हा खोल गेली, केव्हा गाळ साचवू लागली, हवामान केव्हा कोरडे झाले, हे कळल्याखेरीज उत्तर नाही. १९४९ मध्ये मूळचे जर्मन भूशास्त्रज्ञ फ्रेडरिक झ्यूनर भारतात आले. गुजरातेतील निक्षेपांवरील त्यांचा अभ्यास डेक्कन कॉलेजने १९५० मध्ये प्रसिद्ध केला. डॉक्टरेट मिळवून स्थिरावलेल्या, चाळिशी गाठलेल्या प्राध्यापकाने या नव्या विद्येपुढे पुन्हा विद्यार्थी होणे पत्करले, हे त्यांचे मोठेपण.

त्याचे फळ प्रवरेने दिले. नेवाशाजवळ नदीच्या खालच्या, घट्ट गोटेथरात काळ्या कातळाच्या हातकुऱ्हाडी होत्या; त्यावरच्या थरात अकीक, जास्पर अशा गुळगुळीत दगडांच्या छिलक्यांची लहान हत्यारे आणि रानबैलाचे जीवाश्म. खाली-वर हा क्रम निश्चित असल्यामुळेच भारतात मध्यपुराश्मयुगाचा स्वतंत्र टप्पा आहे, असे १९५६ मध्ये त्यांना साधार मांडता आले. जवळच्या टेकडीतील उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती, कुंभांतील बालदफने आणि मण्यांच्या माळेतील रेशमी धाग्याचा अवशेषही मिळाला. लोकांना आकर्षण वाटले ते त्याचे. अभ्यासकांच्या दृष्टीने गोटेथरही तितकेच मोलाचे.

नव्या पिढीने मात्र चाळिशीपर्यंत थांबू नये, अशी व्यवस्था त्यांनी केली. भूशास्त्राचे पदवीधर श. न. राजगुरू त्यांच्या विभागात आले. नद्यांचे निक्षेप हा तेथील पीएच.डी.चा विषय होऊ लागला. सांकलियांचे २८ जानेवारी १९८९ रोजी निधन झाले. त्यानंतर लवकरच युरेनियम-थोरियम पद्धतीने नेवाशाच्या खालच्या थराचे वय तपासले गेले. ते साडेतीन लाख वर्षांहून अधिक निघाले.