गाळात वर्षे मोजणारा भूवैज्ञानिक

शेवटचे हिमयुग संपून किती वर्षे लोटली, या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नेमके उत्तर नव्हते. धबधबे खडक किती वेगाने झिजवतात यावरून भूवैज्ञानिक आडाखे बांधत आणि ते एकमेकांशी जुळत नसत. हा काळ वर्षावर्षाने मोजून दाखवण्याचे श्रेय स्वीडनच्या येरार्ड द येर यांना जाते. त्यांचे साधन होते पाण्याच्या तळाशी साचलेला गाळ.

२ ऑक्टोबर १८५८ रोजी स्टॉकहोममध्ये जन्मलेल्या द येर यांचे घराणे सरदारांचे. वडील स्वीडनचे पहिले पंतप्रधान झाले, पुढे ज्येष्ठ बंधूही त्या पदावर पोहोचले. येरार्ड यांनीही काही वर्षे संसदेत काढली. पण त्यांचे मन रमले ते मातीच्या खाणींत. १८७८ मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करताना चिकणमातीतील पातळ थर त्यांच्या नजरेत भरले. झाडाच्या खोडातील वर्षवलयांशी त्यांचे असलेले साम्य त्यांना जाणवले.

या थरांमागील कारण साधे आहे. हिमनदीच्या कडेला साचलेल्या पाण्यात उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाबरोबर रेती व जाडसर गाळ येतो. त्याचा फिकट थर बसतो. हिवाळ्यात पाण्याचा पृष्ठभाग गोठला की पाण्यात तरंगत राहिलेली बारीक माती सावकाश खाली उतरते. तिचा थर गडद असतो. एक फिकट व एक गडद मिळून एक वर्ष. बर्फ अधिक वितळलेल्या वर्षाची जोडी जाड भरते, थंड उन्हाळ्याची बारीक. या जोडीला स्वीडिश भाषेतील ‘वार्व’ हा शब्द द येर यांनीच शास्त्रात रूढ केला.

थर मोजणे सोपे. दूरदूरच्या खाणींतील थर एकमेकांशी जोडणे अवघड. द येर खाणीची भिंत तासून स्वच्छ करीत, तिच्यावर कागदाची लांब पट्टी लावून प्रत्येक थराची खूण करीत आणि मग शेजारच्या खाणीतील पट्टीशी जाडीचा चढउतार ताडून पाहत. बर्फ उत्तरेकडे हटत गेल्याने प्रत्येक ठिकाणचा सर्वांत खालचा थर ती जागा बर्फातून मोकळी झाली ते वर्ष सांगे. १९०५ च्या उन्हाळ्यात उप्साला व स्टॉकहोम येथील विद्यार्थ्यांना त्यांनी सुमारे २०० किलोमीटरच्या पट्ट्यात या कामावर पाठवले. बर्फाच्या माघारीचा वार्षिक हिशेब अशा रीतीने तयार झाला.

तो वर्तमानाशी जोडायचा कसा? येथे रागुंदा सरोवराचा अपघात कामी आला. लाकडाचे ओंडके वाहून नेताना मोठा धबधबा टाळता यावा, म्हणून माग्नुस हूस या व्यापाऱ्याने बाजूने कालवा खणला होता. ६ जून १७९६ च्या रात्री पाण्याने तो फोडला आणि सुमारे २५ किलोमीटर लांबीचे सरोवर काही तासांत रिकामे झाले. धबधबा कोरडा पडला. हूस यांचा मात्र लौकिक गेला. शंभराहून अधिक वर्षांनी याच उघड्या तळातील थरांवरून द येर यांनी बर्फ गेल्यानंतरचा काळ सुमारे ७,००० वर्षे ठरवला. माघारीची सुमारे ५,००० वर्षे धरून १२,००० वर्षांचा हा कालपट त्यांनी १९१० मध्ये स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय भूविज्ञान परिषदेपुढे मांडला. सात हजारांचा आकडा कमी होता, हे त्यांचे शिष्य राग्नार लिडेन यांच्या पुढील मोजणीतून दिसले.

येथवर पाय जमिनीवर होते. १९२० मध्ये पत्नी एबा, लिडेन व अर्न्स्ट अँतेव्हस यांच्यासह ते उत्तर अमेरिकेत गेले आणि तेथील थर स्वीडनच्या थरांशी वर्षागणिक जुळतात, असे म्हणू लागले. १९२७ पर्यंत अर्जेंटिना व हिमालयातील थरही त्याच पट्टीवर बसवण्यात आले. सूर्याच्या उष्णतेतील चढउतार साऱ्या पृथ्वीवर सारखाच उमटतो, ही त्यांची श्रद्धा होती. श्रद्धाच म्हणावी लागेल, कारण थराची जाडी स्थानिक हवामान, पूर व हिमनदीचा कल यांवरही ठरते, आणि पुरेशा पट्ट्या जवळ असल्या की कोठे ना कोठे साम्य सापडतेच. अमेरिकेत राहून तेथील थरांची स्वतंत्र मालिका उभारणाऱ्या अँतेव्हस यांनी गुरूंचा हा दावा नाकारला. द येर यांनी तो अखेरपर्यंत सोडला नाही. जुलै १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले.

नंतर कार्बन-१४ कालमापन आले. महासागरांपलीकडच्या जुळण्या बाद ठरल्या, स्वीडनच्या मालिकेतही काही शे वर्षे गहाळ असल्याचे आढळले. पण कार्बनच्या घड्याळालाही दुरुस्ती लागते. २०१२ मध्ये जपानच्या सुइगेत्सू सरोवरातील पानांचे अवशेष त्यासाठी वापरले गेले, आणि त्या पानांचे वय ठरवण्यास तळातील वार्षिक थरांच्या मोजणीचा आधार घेण्यात आला.