ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्तीफन्स

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी ज्या थोर धर्मगुरूंचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, त्यांचे पाऊल आपल्या बीड जिल्ह्याच्या मातीला कधी लागले नाही. त्यांचे सारे कार्य गोमंतकात झाले. तथापि मिस्सेसाठी देवळात जमलेल्या भाविकास आपण कोणाच्या सान्निध्यात बसलो आहोत हे उमगावे कसे, हा प्रश्न ज्यांनी जन्मभर उराशी बाळगला आणि त्याचे उत्तर आपल्या मराठी ओवीत शोधले, ते फादर स्तीफन्स आपणांस परके खचित नाहीत.

त्यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात बुश्टन या खेड्यात झाला. तो काळ त्या देशातील कॅथलिक जनांस मोठा कठीण होता. राणी एलिझाबेथ गादीवर आल्यावर १५५९ च्या कायद्याने मिस्साबलिदानास बंदी झाली. श्रद्धावंत घराण्यांतून रात्री दारे लावून, दबल्या आवाजात मिस्सा होई. थॉमस पाऊंड नावाच्या एका धर्मनिष्ठ गृहस्थाच्या सहवासात तरुण स्तीफन्स काही काळ राहिले. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करावयाचे योजिले होते. परंतु पाऊंड पकडले जाऊन तुरुंगात पडले आणि स्तीफन्स एकटेच रोमला पोहोचले. १५७५ च्या ऑक्टोबर महिन्यात ते येशूसंघात दाखल झाले. ज्याने आपल्या मायदेशी मिस्सेसाठी लपतछपत फिरणारी माणसे पाहिली, त्यास उपासना ही निव्वळ रिवाजाची बाब कधीच वाटली नसावी, असे आम्हांस वाटते.

१५७९ च्या एप्रिलच्या ४ तारखेस लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास लागले. या प्रवासाचे सविस्तर वर्णन त्यांनी वडिलांस पत्राने कळविले व ते पुढे इंग्लंडात छापलेही गेले. लवकरच त्यांस गुरुदीक्षा मिळाली आणि साष्टी प्रांत हे त्यांचे कार्यक्षेत्र ठरले. तेथे त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे काढली. राशोल येथील विद्यालयाचे ते काही काळ प्रमुखही होते.

साष्टीची त्या वेळची स्थिती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १५६७ साली पोर्तुगीज अंमलदारांनी तेथील देवालये पाडली होती. १५८३ च्या जुलैच्या २५ तारखेस कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे चार संघबंधू यांस गावकऱ्यांनी ठार मारले. त्यानंतर सरकारने गावच्या प्रमुखांस बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांचा वध केला. हुतात्म्यांचे देह परत मिळविण्याच्या कामी फादर स्तीफन्स यांनी पुढाकार घेतला होता. दोन्ही बाजूंचे रक्त त्यांनी जवळून पाहिले. अशा प्रांतातील नवख्रिस्ती जन रविवारी देवळात गुडघे टेकीत, तेव्हा त्यांच्या मनात काय काय चालत असेल! वेदीवर लॅटिन भाषा चाले, ती त्यांस कळत नसे. घरी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली पुराणे आता निषिद्ध झाली होती. शरीराने मनुष्य देवळात असे. पण कान व हृदय यांस तेथे घर नव्हते.

फादर स्तीफन्स यांनी प्रथम लोकांची भाषा शिकून घेतली आणि तीही वरवर नव्हे. १५८३ च्या पत्रात त्यांनी आपल्या भावास कळविले, की या देशाच्या भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे. युरोपीय पंडितांनी हा विचार शास्त्ररूपाने मांडावयास त्यानंतर दोनशे वर्षे लागली. मुलांसाठी त्यांनी कोकणीत प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तक रचले व भाषेचे व्याकरण लिहिले. ही दोन्ही त्यांच्या पश्चात, अनुक्रमे १६२२ व १६४० साली राशोल येथे छापली गेली.

परंतु प्रश्नोत्तरे पाठ झाली म्हणजे अंतःकरण जागे होतेच असे नाही, हे ज्याने मुलांस धर्मशिक्षण दिले आहे तो जाणतो. ख्रिस्तपुराणाच्या प्रारंभी असाच एक प्रसंग घातला आहे. धर्मशिक्षण चालले असता एक श्रोता विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? कित्येक धर्मगुरूंनी या प्रश्नात जुन्या मताचा वास हुंगला असता. फादर स्तीफन्स यांनी त्यात भूक ओळखली आणि १६१६ साली राशोलच्या छापखान्यातून आपले ख्रिस्तपुराण बाहेर काढले. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा आहे, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र आहे. दोन्ही मिळून १०,९६२ ओव्या होतात.

ओवी हा छंद आपल्या जिल्ह्याच्या अंगणातला. अंबाजोगाईस मुकुंदराजांचे नाव परंपरेने जोडलेले आहे, आणि तेथेच दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांबीच्या कापडी पासोडीवर आपली रचना लिहिली. दासोपंतांनी १६१५ साली देह ठेवला आणि पुढल्याच वर्षी ख्रिस्तपुराण छापून निघाले. या दोघांस एकमेकांची वार्ता असल्याचे कोठे दिसत नाही. पण गोदावरीच्या काठी वाढलेला हा छंद साष्टीच्या देवळात पोहोचला होता, हे खरे.

फादर स्तीफन्स यांनी तो केवळ साचा म्हणून उचलला नाही. श्रोत्यांस सोपे जावे म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द त्यांनी टाळले व लोकांच्या बोलीतील शब्द मिसळले. स्वर्गास वैकुंठ म्हणण्यास ते कचरले नाहीत; मात्र पवित्र आत्म्यास ‘स्पिरितु सांतु’ हे मूळ नावच ठेवले. कोठे आपला शब्द चालेल आणि कोठे नवा शब्दच लागेल, याविषयीचा त्यांचा विवेक आजच्या भाषांतरकारांनीही अभ्यासण्याजोगा आहे. सर्व ठिकाणी तो आम्हांस पटतो असे नाही. काही पोर्तुगीज शब्द आज कानास खडे लागल्यासारखे बोचतात.

रविवारी व सणाच्या दिवशी मिस्सेनंतर देवळात हे पुराण वाचले जाई. त्याचे महत्त्व येथेच आहे. वेदीवरची भाषा बदलण्याचा अधिकार फादर स्तीफन्स यांस नव्हता. तो १९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेच्या उपासनाविषयक संविधानाने मोकळा झाला आणि तेव्हापासून पवित्र मिस्सा मराठीतून होण्याचा मार्ग खुला झाला. साडेतीनशे वर्षे आधी त्यांनी वेदीच्या भोवतालचा वेळ तेवढा हाती घेतला. प्रभूच्या दुःखसहनाची कथा ज्याने आपल्या ओवीत ऐकली आहे, तो पुढल्या रविवारी धर्मगुरूंनी भाकर उंचावताच मान लववील ती समजून लववील. मग लॅटिन शब्द कळोत वा न कळोत. आज आपणांस मिस्सेतील प्रत्येक शब्द कळतो. तरीही धावतपळत उशिरा येऊन मागच्या भिंतीस टेकणारे आपल्यांत किती आहेत, ते ज्याचे त्याने मोजावे.

१६१९ साली फादर स्तीफन्स गोव्यातच प्रभूच्या घरी गेले. १६४९ व १६५४ साली पुराणाच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. परंतु १६८४ साली सरकारने देशी भाषांविरुद्ध फर्मान काढले. पुराण तरले ते घरोघरच्या हस्तलिखितांवर. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूर येथे जे. एल. साल्दान्हा यांनी ते पुन्हा रोमन लिपीत छापले.

पहिल्या आवृत्तीची लिपीही रोमनच होती. १६०८ साली फादर स्तीफन्स यांनी रोमला आपल्या संघप्रमुखांस लिहिले होते, की या देशाच्या भाषेत व या देशाच्याच लिपीत पुस्तके छापावीत ही आपली फार वर्षांची इच्छा आहे. पण युरोपच्या चोवीस अक्षरांच्या जागी येथे सहाशे ठसे लागतात, ते ओतणे अशक्यप्राय दिसते. ते ठसे त्यांच्या हयातीत ओतले गेले नाहीत. १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी ख्रिस्तपुराण देवनागरीत छापून प्रसिद्ध केले.