पेशींच्या दोन जगांचा वेध घेणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

सिल्वासाच्या आसपासच्या पाड्यांना कुष्ठरोग अपरिचित नाही. देशात या रोगाचे प्रमाण अधिक असलेल्या भागांत दादरा आणि नगर हवेलीचे नाव वर्षानुवर्षे येत राहिले. कर्करोग आणि कुष्ठरोग या दोन्हींवर आयुष्य वेचणाऱ्या डॉ. कमल रणदिवे यांचे स्मरण येथे म्हणूनच अगत्याचे ठरते.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यातील समर्थ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा होती. कमलताईंनी मात्र संशोधनाची वाट धरली. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास करून १९४३ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या. १९४९ मध्ये डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. मिळविली. पुढे अमेरिकेत शिकून आल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. तेथे उंदरांतील स्तनाच्या कर्करोगाचा आणि आनुवंशिकतेचा संबंध त्यांनी तपासला. कुष्ठरुग्णांपासून मिळविलेल्या जीवाणूंवरील त्यांचे काम लसीच्या संशोधनाला उपयोगी पडले.

सीताफळ, उंदीर आणि माणूस यांच्या पेशी दृश्यकेंद्रकी. त्यांची गुणसूत्रे केंद्रकात बंदिस्त असतात. जनुकाची आरएनए प्रत तेथे तयार होते, तिची काटछाट होते आणि मग ती बाहेर येऊन प्रथिन घडते. कुष्ठरोगाचा जीवाणू आदिकेंद्रकी. त्याला केंद्रकच नाही. एकच वर्तुळाकार गुणसूत्र. प्रत पूर्ण होण्याआधीच तिच्यावरून प्रथिन बनू लागते.

हा भेद रुग्णाच्या जिवाभावाचा आहे. रिफाम्पिसिन हे औषध जीवाणूतील प्रत काढणाऱ्या विकराला अडविते. आपल्या पेशीतील विकराची घडण निराळी असल्याने ते सुखरूप राहते. म्हणूनच माणसाच्या पेशीत दडलेला जीवाणूही मारता येतो. कर्करोगाची पेशी मात्र आपलीच असते. तिची यंत्रणाही आपलीच, त्यामुळे तिच्यावरील औषधांची झळ निरोगी पेशींना बसते. एक रोग बरा होतो आणि दुसरा झुंजवितो, त्याचे एक कारण इथे आहे.

१९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. आज आपल्या प्रदेशात कुष्ठरुग्णाच्या घरच्यांना प्रतिबंधासाठी रिफाम्पिसिनची एक मात्रा देण्याचा उपक्रम झाला आहे. अंगावरचा बधिर चट्टा लपविण्याचे दिवस सरले आहेत. तो वेळीच दाखविला, तर रोग पूर्ण बरा होतो.