घर्षणाचा हिशेब मांडणारा कूलोम

नेपानगर हे कागदाचे गाव. वृत्तपत्राच्या कागदाची देशातील ही पहिली गिरणी 1956 साली पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केली. तावांच्या थप्पीतला वरचा ताव बोटाने सरकतो. तळचा मात्र ओढताना फाटतो. ताव तोच, रुंदी तीच. वाढतो तो फक्त वरचा दाब. हे पाहिले की मला शार्ल कूलोम आठवतो.

1736 साली फ्रान्समधील आंगुलेम येथे तो जन्मला. लष्करी इंजिनिअर होऊन 1764 साली तो मार्तिनिक बेटावर गेला. आठ वर्षे किल्ल्याचे काम पाहिले, ते प्रकृती गमावून. पण भारांशी झुंजायची सवय त्याने तेथूनच आणली.

घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढते, पृष्ठभागाच्या विस्ताराने नव्हे, हे आमोंताँने 1699 सालीच सांगितले होते. विद्वानांना ते सहजी पटेना. 1779 साली कूलोम रोशफोरच्या गोदीत गेला आणि लाकडावर लाकूड ठेवून, वजने चढवून ते ओढू लागला. भार दुप्पट केला की घर्षणही जवळजवळ दुप्पट होई. लाकूड काही वेळ पडून राहिले, तर हलवायला अधिक जोर लागे, हेही त्याने टिपले.

1781 साली पॅरिसच्या अकादमीने त्याला पारितोषिक दिले, सभासदही केले. पुढे विजेच्या नियमाने त्याची कीर्ती झाली. 1806 साली तो वारला. विद्युतभाराच्या एककाला आज त्याचेच नाव आहे. मला मात्र थोर वाटतो तो गोदीतला कूलोम: ऐकीव नियमावर न विसंबता स्वतः वजने चढवणारा.